गाडीनं अंग झाडलं

महारुद्र मेस्तरीचं गॅरेज झरीच्या फाट्यावर, परभणी-जिंतूर रस्त्याला लागून. गॅरेज म्हणजे काय, चार पत्रे, एक लिंब आणि लिंबाखाली वर्षानुवर्षं तेल पिऊन काळी पडलेली जमीन. पण त्या काळ्या जमिनीवर ढकलत आणलेली गाडी आपल्या चाकांवर परत जाते, एवढं झरीत कुणीही सांगेल. महारुद्र देव मानत नव्हता असं नाही. दसऱ्याला पान्यांना हळदकुंकू वाहायचा, नारळ फोडायचा. पण देवाचं देवाकडं आणि इंजिनाचं इंजिनाकडं, या दोन्हींची सरमिसळ त्यानं कधी होऊ दिली नाही. गाडीतून आवाज आला म्हणजे कुठंतरी काहीतरी सैल आहे, इतकं साधं त्याचं गणित. गिऱ्हाईक नजरेच्या नाहीतर भानामतीच्या गोष्टी काढायला लागलं की तो त्याच्या तोंडावर हसायचा आणि पाना मागायचा.

म्हणून मे महिन्यातल्या एका सकाळी भागवतचा फोन आला तेव्हाही तो हसलाच. भागवत म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा, बबिताचा नवरा. येलदरी धरणाच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या काठावर मेंढरं-शेरडं राखणाऱ्यांची एक वस्ती आहे, तिथं राहतो. त्याची जुनी व्हॅन बिघडली होती. गाडी मधेच बंद पडते, थरथरते, काळा धूर काढते, असं सगळं नेहमीचंच रडगाणं. महारुद्र एकेक विचारत गेला. गार असताना की तापल्यावर, चढाला की सपाटीला, सेल्फ नीट घेते का. भागवत सांगत गेला. आणि सगळं सांगून झाल्यावर आवाज खाली घेऊन म्हणाला, "अजून एक हाय, दादा. बंद असताना बी हलती."

"बंद असताना कशी हलंल? वारं सुटलं असंल."

"वारं न्हाई," भागवत म्हणाला, आणि फोन ठेवला.

दुसरं कुणी असतं तर महारुद्रनं चार दिवस टोलवलं असतं, कारण गॅरेजात दोन ट्रॅक्टर उघडे पडले होते. पण ही गाडी टोलवण्यातली नव्हती. बबिताचे दिवस भरत आले होते. मागच्या खेपेला तिला कळा सुरू झाल्या तेव्हा वस्तीत गाडी नव्हती, फोनला रेंज नव्हती, सरकारी गाडीला वाट सापडली नाही, आणि मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेता नेता जिंतूरच्या अलीकडंच सगळं संपलं. लेकरू गेलं, बबिता कशीबशी राहिली. त्यानंतर भागवतनं अर्धी मेंढरं विकली आणि ही व्हॅन घेतली. पूर्वी ती कुठल्यातरी शाळेची होती. वरून पांढरा रंग मारला तरी उन्हात तिच्या कुशीवरची जुनी अक्षरं अंधुक दिसायची. एरवी ती बाजाराला बकरी वाहायची, पण घेतली होती ती एकाच कामासाठी. आणि परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी यंदा स्पष्ट सांगितलं होतं, बीपी वाढतंय, पायावर सूज आहे, कळ आली किंवा डोळ्यापुढं अंधारी आली की वाट बघू नका, निघा.

तेव्हा गाडी चालली पाहिजे, बास. महारुद्रनं हत्यारांची पेटी मोटरसायकलला आवळली, फिल्टर, पाइप, इंजिनाखालची रबरं घेतली आणि निघाला.

वस्तीवर पोचला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. धरणाचं पाणी लांब मागं सरकलेलं. जिथं पावसाळ्यात लाटा लागतात तिथं आता भेगाळलेला गाळ, त्यात पांढरे शिंपले, कुशीवर पडलेली एक होडी. गाळाचा, वाळत घातलेल्या मासळीचा आणि मेंढरांचा असा एक एकजीव वास सगळीकडं भरून राहिलेला. लिंबाच्या पलीकडं व्हॅन उभी होती. मेंढरं वाड्यात एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी होती, कोंबड्या बाजेखाली, कुत्रं रांजणाच्या ओलीत. एवढ्या तापात गाडीच्या सावलीला मात्र एक करडू सुद्धा बसलेलं नव्हतं. हे महारुद्रच्या नजरेला आलं, पण डोक्यात शिरलं नाही.

बबिता दारात बाजेवर बसली होती. पाय इतके सुजलेले की जोडवी बोटांत रुतली होती. भावाला बघून हसली, पाणी द्यायला उठायला लागली, तर महारुद्रनं तिला दटावून बसवलं. आईमागं त्यानंच तिला वाढवलं होतं. तो लगेच उठला आणि गाडीकडं गेला, कारण बसून काळजी करणं त्याला जमत नव्हतं, हातात पाना असला की जमायचं.

गाडी पहिल्याच झटक्याला चालू झाली, पण एक सिलेंडर काम करत नव्हतं. सगळं धूड गदगदत होतं. महारुद्रनं सिलेंडरात डिझेल फवारणाऱ्या नोझलांचे नट एकेक करून ढिले केले. जो ढिला केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरकच पडत नाही तो चोर, हे शोधायला त्याला वेळ लागला नाही. मग फिल्टरचा स्क्रू उघडला तर डिझेलबरोबर बुडबुडे. गाडी कुठूनतरी हवा ओढत होती. बोटानं चाचपत गेला तर टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपला केसाएवढी चीर. पाइप बदलला. फिल्टरात बोटभर गाळ होता, फिल्टर बदलला. नोझल साफ करून बसवलं. इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यातलं एक पार फाटून लोंबत होतं, म्हणजे थरथर का होती तेही कळलं. जॅक लावून तेही नवं टाकलं. हे सगळं होईस्तोवर ऊन कललं होतं आणि महारुद्रचा सदरा अंगाला चिकटला होता. त्यानं गाडी चालू केली. आवाज असा एकसारखा आला की वाड्यातली मेंढरं सुद्धा बिचकली नाहीत.

"बगा भागवतराव," तो म्हणाला, "ह्यात भूत कुठं हाय ते दाखवा मला."

भागवत हसला नाही. नुसती मान हलवली.

गाडी बंद करून, चावी खिशात टाकून महारुद्र हातपाय धुवायला गेला. चहा झाला. इंजिन निवल्यावर त्यानं रेडिएटरचं झाकण काढलं, तर पाणी खाली गेलेलं. म्हाळसाबाईंनी, म्हणजे बबिताच्या सासूनं, कळशी आणून दिली. त्यानं कळशी वाकडी केली. थोडं पाणी आत गेलं, थोडं बाहेर गाडीच्या नाकावरून ओघळलं.

आणि गाडीनं अंग झाडलं.

इंजिनाची थरथर महारुद्रच्या हाताला चांगली ठाऊक होती. ही ती नव्हती. ही पुढून सुरू झाली, बॉनेटवरून टपावर गेली, टपावरून मागं सरकत गेली आणि शेवटी मागचा दरवाजा खडखडला. पाण्यातून बाहेर आलेलं कुत्रं झाडतं तशी. मग सगळं थांबलं. महारुद्रनं कळशी खाली ठेवली.

"मागं कोन हाय?" तो ओरडला. मागं कुणी नव्हतं. भागवत चार हात लांब उभा होता. वाड्यातल्या मेंढरांनी रवंथ थांबवला होता आणि सगळ्यांची तोंडं गाडीकडं होती. लिंबाखाली बबिताचा सासरा सटवाजी तंबाखू मळत बसला होता. तो उठला, डोक्याचा पटका काढून काखेत धरला, गाडीला हात जोडले आणि हलक्या आवाजात म्हणाला, "घेतलं."

महारुद्रनं पुन्हा पाणी ओतलं. काही झालं नाही. नवीन रबरं आहेत, इंजिन बसतंय खाली, जॅकनं जमीन दबली असेल, असं तो मोठ्यानं म्हणाला. शेवटी त्यानंच विचारलं, काय घेतलं म्हणता?

मग म्हाळसाबाईंनी सांगितलं. पहिलं लेकरू गेलं तेव्हा त्या पाण्याकाठच्या आसरांना नवस बोलल्या होत्या, सुनेचं पोट राहू द्या, बकरं देईन. आसरा म्हणजे पाण्यातल्या साती बहिणी. त्यांचे शेंदूर लावलेले दगड पावसाळ्यात बुडतात आणि शिमग्याच्या सुमाराला पाणी हटलं की उघडे पडतात. बबिताला दिवस गेले, ते टिकले, दगडही उघडे पडले, तेव्हा पाव्हणेरावळे बोलावून बकरं नेलं. त्या वस्तीची रीत अशी की बकऱ्याच्या डोक्यावर-पाठीवर पाणी टाकायचं आणि थांबायचं. त्यानं डोक्यापासून शेपटापर्यंत अंग झाडलं तर आसरांनी घेतलं, नाही झाडलं तर मान्य नाही, सुरी लावायची नाही. बकरं सकाळपासून दगडासारखं उभं. तांब्यांवर तांबे ओतले, पण कान सुद्धा हलवेना. म्हातारी माणसं म्हणायला लागली, राहू द्या, दुसरं आणा. पण मसाला वाटलेला, भाकरी झालेल्या, पाव्हणे उपाशी. भागवत वैतागला. सावलीला नेतो म्हणून त्यानं बकरं उचलून गाडीत घातलं, इंजिन चालू ठेवलं आणि दारातून पाणी फेकलं. एक सिलेंडर बंद, लंगडणारी ती गाडी, आख्खी गदगदत होती. बकरंही गदगदलं. कुणीतरी ओरडलं, झाडलं! सटवाजी लांब दगडांपाशी होता, त्याला तेवढंच ऐकू आलं. कापलं, शिजलं, खाल्लं. भागवतनं खरं काय ते सांगितलं अगदी आता, वैशाखात, गाडी धुताना तिनं पहिल्यांदा अंग झाडलं तेव्हा.

महारुद्रला हसावं की रागवावं कळेना. शेवटी राग आला. इंजिन लावून देवीला फसवलं आणि वर इंजिनालाच बोल लावता, असं तो भागवतला फाडकन बोलून गेला. भागवत खाली मान घालून नखानं जमीन उकरत राहिला.

सटवाजी मात्र शांत होता. "पाणी टाकल्यावर जे झाडतं ते आसरांचं," तो म्हणाला. "बकऱ्यानं झाडलं न्हवतं, पाव्हणं. गाडीनं झाडलं. अजून झाडायलीय. म्हंजी गाडी त्यांची हाय. उद्या दुपारी चार गडी लावून पाण्यात सोडून देतो."

"अन् बबिताला कशात न्यायचं, मामा?"

"गाडी दिली तरच बबिता राहील."

महारुद्र तणतणला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते त्यानं पुन्हा सांगितलं, मागच्या खेपेची आठवण करून दिली. सटवाजी ऐकून घेत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तेच महारुद्रला जड गेलं. हट्टी माणसाशी भांडता येतं, घाबरलेल्या माणसाशी काय भांडणार? शेवटी महारुद्रनं खिशावर हात ठेवून सांगितलं की चावी माझ्याजवळ आहे, सकाळी मी बबिताला परभणीला नेऊन भरती करतो, मग तुमच्या गाडीचं काय करायचं ते करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबिताचं आवरून होईस्तोवर तो गाडीपाशी गेला. खरं तर काही करायचं राहिलं नव्हतं. पण कारण न सापडलेला हादरा तसाच सोडून जाणं त्याच्या जिवावर आलं होतं. त्यानं बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या. हँडब्रेक ओढला, गिअरमधे टाकली, चारी चाकांना दगड लावले. गाडीखाली आडवं होऊन एकेक नट पुन्हा आवळला. भागवतला लांब उभं केलं. वारा नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं. मग त्यानं कळशी घेतली आणि बॉनेटवर धार धरली.

नाक, टप, कूस, मागचा दरवाजा. कालच्यापेक्षा जोरात.

चाकाखालचे दगड निसटून बाजूला पडले.

महारुद्रनं बॉनेटवर तळहात ठेवला. पत्रा उन्हात तापलेला असायला हवा होता. तो ओला आणि गार होता, आणि तळहाताखाली आत कुठंतरी बारीक काहीतरी अजून निवत होतं. त्यानं हात काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला गाडीची भीती वाटली, आणि त्याची त्याला लाज वाटली.

बबिता केव्हा मागं येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही. एक हात कमरेवर, एक पोटाखाली. भागवत वाड्याकडं गेलाय, आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती म्हणाली, "दादा, तुला एक सांगू? कुनाला बोलू नको."

त्यानं दगडावर पोतं टाकून तिला बसवलं.

"त्या दिवशी मी गाडीत होते. ऊन लय होतं म्हून मला मागच्या सीटवर बसवलं होतं. ह्यांनी बकरं आत घातलं अन् पाणी फेकलं. बकऱ्यावर कमी पडलं, माझ्यावर जास्त. डोक्यावरून, पोटावरून." ती थांबली. "गार पानी. मी शहारले, दादा. पार पायापर्यंत. बकऱ्याच्या आदी."

महारुद्र तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तवापासून मी इचार करायलेय," बबिता म्हणाली. "तूच सांग. झाडलं कुनी?"

आता खरं तर त्यानं हसायला हवं होतं. गार पाणी पडल्यावर माणूस शहारतो, त्यात काय. हे उत्तर त्याच्या ओठावर होतं आणि ते खरंही होतं. पण बहिणीच्या त्या पांढऱ्या पडलेल्या तोंडाकडं बघून त्याच्या तोंडातून भलतंच निघालं. "गाडीनं," तो म्हणाला. "आताच झाडलं की तिनं, दगड उडाले बग चाकाचे. तुझं काय न्हाई त्यात. गाडी घेतलीय आसरांनी."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण हे निव्वळ समजूत घालायला बोललो नाही. ज्या थरथरीनं मघाशी हातपाय गार पडले, तिच्यावरच आता सगळा भरवसा येऊन बसला होता. गाडी हलते तोवर ठीक. गाडी आसरांची, बबिता आपली.

बबितानं मान हलवली. मग डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. "दादा," ती म्हणाली, "मला तुझं तोंड दिसंना झालंय. सगळं पांढरं दिसायलंय." आणि पोट धरून पुढं वाकली.

नंतरची गडबड महारुद्रला तुकड्यातुकड्यांनी आठवते. वायरी जोडताना बोटाला बसलेला चटका. भागवतनं बबिताला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. म्हाळसाबाई गोधडी आणि पाण्याची बाटली घेऊन आत चढल्या.

गाडीसमोर सटवाजी उभा होता. त्याच्या मागं दोर घेऊन आलेले चार गडी.

"दुपार तरी होऊ द्यायची व्हती," महारुद्र म्हणाला.

सटवाजी हलेना. तेव्हा म्हाळसाबाई खिडकीतून बाहेर वाकल्या. उभ्या जन्मात नवऱ्याला वर तोंड करून न बोललेली बाई, पण तिच्या आवाजानं ते चारही गडी मागं सरकले. "बाजूला व्हा. आदी पोरगी."

सटवाजी बाजूला झाला. गाडी पुढं निघाली तशी त्यानं पत्र्यावरून हात फिरवत दोन पावलं सोबत टाकली. "परत आना तिला, पाव्हणं," तो म्हणाला. "कबूल करा."

"आनतो," महारुद्र म्हणाला. गाडीबद्दलच बोलत होता म्हातारा, हे त्याला ठाऊक होतं.

पाण्याकडच्या वळणावर गाडी हमखास बंद पडते असं भागवतनं सांगितलं होतं. वळण आलं. डाव्या हाताला गाळ, गाळापलीकडं पाणी, काठावर सात लाल ठिपके. गाडी तिथून अशी गेली की जणू काल शोरूममधून काढली होती. चढ आला, तोही तिनं अंगाला न लावता चढला. जिंतूर मागं पडलं. तापमानाचा काटा जिथं असावा तिथंच. ना सिलेंडर चुकणं, ना धूर, ना हादरा. खड्ड्यातून काढली तरी पत्रा वाजला नाही. मागं बबिता कण्हत होती, भागवत तिचे तळवे चोळत होता. झरी आली, महारुद्रचे चार पत्रे आणि लिंब खिडकीबाहेरून सरकून गेले.

"किती गुमान चालली, माय," म्हाळसाबाई म्हणाल्या.

हे ऐकून खरं तर मेस्तरीची छाती फुगायला हवी होती. त्याच्या हातचं काम होतं. पण त्याचे कान इंजिनाकडं लागले होते आणि त्याला तिथं काहीतरी कमी वाटत होतं. काय ते त्याला सांगता येईना. दहा वेळा त्यानं ॲक्सिलरेटर सोडून बघितला, पाय दाबून बघितला. एकसारखा, गुळगुळीत आवाज. आत कुणी नसलेल्या घरासारखा.

दवाखान्यात स्ट्रेचर आलं, बबिता आत गेली, दार लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत, अजून उशीर झाला असता तर दोघंही गेली असती. ऑपरेशन करावं लागेल. भागवतनं कागदांवर अंगठ्याएवढी मोठी सही केली. मग म्हाळसाबाई आणि तो वर बसले, आणि महारुद्रला बसवेना म्हणून तो खाली आवारात आला. कडुलिंबाच्या झाडापाशी, अर्ध्या उन्हात व्हॅन लावलेली होती. तिच्याकडं पाठ करून तो पायरीवर बसून राहिला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा भागवत जिना उतरून आला. चेहरा रडून सुजलेला, पण हसत होता. पोरगी झाली होती. बबिता शुद्धीवर आली होती, पाणी मागत होती. दोघीही धडधाकट. महारुद्रनं भागवतला छातीशी धरलं आणि दोघं तिथंच लहान पोरांसारखे रडले. येणारे-जाणारे लोक बघत होते, बघू देत.

"केवढी हाय?" जरा वेळानं महारुद्रनं विचारलं.

"एवढीशी," भागवतनं हात करून दाखवलं. "डोक्यावर लय जावळ. आन् गंमत बग, दादा, रडलीच न्हाई पयल्यांदा. सिस्टरनं ओल्या कपड्यानं डोकं पुसलं तिचं, तवा कुठं हलली. डोक्यापासून पायापर्यंत असं अंग..."

त्याचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं.

महारुद्रनं त्याचा हात सोडला नाही. "डाक्टर काय म्हनल्या?"

"साखर कमी असली की होतं म्हनल्या. लेकरं थरथरत असतेत. काचंच्या पेटीत ठेवलंय. पुन्हा पुसून बघितलं..." भागवतनं वर जिन्याकडं बघितलं. "पुन्हा झाडलं."

"होतं म्हनल्या ना? मग होतं. त्यान्ला आपल्यापेक्षा जास्त कळतं," महारुद्र म्हणाला. "तू वर जा. पोरीपाशी बस."

भागवत गेला. महारुद्रनं गाडीतला प्लास्टिकचा कॅन काढून आवारातल्या नळावर भरून आणला. बॉनेट उघडलं, झाकण काढलं, पाणी ओतलं. रेडिएटर भरला, वरून वाहायला लागला. मग त्यानं बॉनेट मिटून त्याच्यावर ओतलं.

गाडी उभी होती.

त्यानं पुन्हा भरून आणलं. काचेवर ओतलं, टपावर ओतलं, कुशीवर, जिथं जुनी अक्षरं होती तिथं. मागच्या दरवाज्यावर ओतलं. हात लावून बघितला. पत्रा तापलेला होता, कुठल्याही गाडीचा उन्हात तापतो तसा.

फाटकाशी बसलेला रिक्षावाला कौतुकानं बघत होता. "गाडी धुवायलाव का, मालक?"

"हां," महारुद्र म्हणाला.

रिक्षावाला दुसरीकडं बघायला लागला तसा तो बॉनेटवर वाकला. पत्र्याला तोंड लागेल इतका जवळ. "झाड की," तो हलक्या आवाजात म्हणाला. "झाड की गं, माय. एकदा तरी झाड."

टपावरून पाणी निथळून फरशीवर पडलं, चाकाखालून वाट काढत गटारीकडं गेलं. पत्रा एका कडेनं वाळत आला. पानाचं एक देठ बॉनेटवर पडलं होतं, ते जिथं पडलं तिथंच राहिलं.

महारुद्रनं कॅन उचलला आणि पुन्हा नळाकडं गेला.